वेत आणि वही

१० जून २०२४, सोमवार

आमच्या प्राणिगृहात नवीन जेआरएफ, म्हणजे संशोधन-शिष्यवृत्तीवरचा पोरगा, आज रुजू झाला. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे, आतले बूट एवढं सगळं चढवून आत आला आणि पहिलं वाक्य, "मॅडम, एवढे मोठे उंदीर?"

म्हटलं, बाबा, हे रॅट. माऊस वरच्या मजल्यावर. मराठीत काय म्हणायचं मग, असं त्यानं विचारलं आणि नेहमीसारखी माझी पंचाईत झाली. घूस म्हणावं तर तो प्राणीच वेगळा. मराठी माणूस दोघांनाही उंदीर म्हणून मोकळा झालाय, धान्याच्या कणगीला दोघंही सारखेच म्हणून असेल. इथले पिंजरे सांभाळणाऱ्या मामांनी हा प्रश्न सव्वीस वर्षांपूर्वीच सोडवला. रॅट म्हणजे "थोरले", माऊस म्हणजे "धाकटे". आमच्या पुरवठ्याच्या वहीतही त्यांच्या अक्षरात तसंच आहे: थोरल्यांच्या गोळ्या दोन गोणी.

पोराला दोन रॅक दाखवले. डावीकडे एसएचआर, म्हणजे ज्यांचा रक्तदाब आपोआप चढतो ते. उजवीकडे त्यांचे शेजारी विस्टार-क्योतो, दाब नॉर्मल. दोघेही पांढरे, दोघांचेही डोळे लाल, दोघेही अधू नजरेचे, म्हणून डोकं डावीउजवीकडे डोलवत अंतराचा अंदाज घेणारे. पिंजऱ्यावरचं कार्ड काढून घेतलं तर ब्रह्मदेवालाही फरक सांगता येणार नाही.

"मग कळतं कसं?"

"कार्डावरून."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

१४ जून, शुक्रवार

पोराला शेपटीवरून रक्तदाब घ्यायला शिकवलं. रॅटला नळीसारख्या धारकात बसवायचं, शेपटी कोमट करायची म्हणजे धमनी मोकळी होते, बुडाशी पट्टा चढवायचा, फुगवायचा, सोडायचा. आपल्या दंडाला बांधतात तसंच, फक्त पट्टा अंगठीएवढा. रोज थोडा वेळ नुसतं नळीत बसवून सवय करावी लागते, नाहीतर दाब मोजला जातो तो भीतीचा. पहिल्या दिवशी त्याचे आकडे १६० ते २३०, एकाच प्राण्याचे. मी घेतले तेव्हा १८८, १९०, १८७.

"तुमचा हात हलका आहे," तो म्हणाला. हाताबरोबर वासही असेल. पुरुषाच्या वासानं उंदरांवरचा ताण वाढतो, असं २०१४ साली एका गटानं दाखवलंय. त्या पुरुषानं घातलेला टीशर्ट जवळ ठेवला तरी पुरतं. मामांना हे सांगितलं होतं तेव्हा म्हणाले, "आमच्या घरीबी तेच."

१८ जून, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत पोराला हेलन डीन किंगबद्दल सांगत होते. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०९ साली या बाईंनी पांढऱ्या रॅटच्या सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावायला सुरुवात केली आणि पिढ्यान् पिढ्या लावतच राहिल्या. रक्त इतकं जवळ आलं की वंश खुरटतो, वांझ होतो, हा तेव्हाचा पक्का समज. बाईंनी दर पिढीत धडधाकट निवडून पुढे नेले आणि वंश नीट चालला. वीस पिढ्या सख्खी जोडी लावली की जनुकांच्या जवळजवळ ९९ टक्के जागी दोन्ही प्रती एकसारख्या होतात. मग त्या वंशातले दोन रॅट म्हणजे जवळपास एकच रॅट दोनदा. प्रयोगात फरक पडला तर तो औषधाचा की अन्नाचा, हे सांगता येतं. रक्ताचा असणार नाही.

पोरगा साताऱ्याकडचा. म्हणाला, "आमच्यात मामाची मुलगी चालते, सगोत्र चालत नाही. या बाईंनी तर भाऊबीजच बंद पाडली." यावर काय बोलणार.

एसएचआरचीही कुळकथा तशीच. क्योतोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांना विस्टारच्या कळपात एक नर सापडला, काहीही न करता दाब चढलेला. जरा चढा दाब असलेली मादी शोधून जोडी लावली. पुढे पिल्लांतले चढ्या दाबाचे भाऊबहीण, पुन्हा त्यांची पिल्लं. १९६३ साली प्रसिद्ध केलं. ज्यांना कमी मिठातही दाब हवा त्यांच्यासाठी हा. मीठ खाल्लं तरच चढणारा रॅट ल्युइस डाल यांनी अमेरिकेत ब्रुकहेवनला वेगळा काढला होता. म्हणजे जनुक माहीत नाही, डीएनए वाचता येत नाही, अशा काळात माणसांनी नुसत्या जोड्या लावून आणि वही लिहून आजार वेगळे करून ठेवले.

२६ जून, बुधवार

तपकिऱ्यांच्या, म्हणजे ब्राऊन नॉर्वे वंशाच्या, खोलीचा एसी बंद पडला. पारा २९ वर. रॅट घामेजत नाहीत, शेपटीतून उष्णता सोडतात, त्यालाही मर्यादा आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना विचारून त्यांचा रॅक एसएचआरच्या खोलीत आणला. एका खोलीतला वंश दुसऱ्या खोलीत न्यायचा नाही हा नियम आहे. दुरुस्तीवाला "उद्या" म्हणालाय.

या तपकिऱ्यांचा मान मोठा. माणूस आणि माऊस यांच्यानंतर ज्या सस्तन प्राण्याचा जीनोम वाचून २००४ साली छापला गेला तो हाच वंश. सुमारे पावणेतीन अब्ज अक्षरं, गुणसूत्रांच्या २१ जोड्या. हाही किंगबाईंच्या विस्टारमधल्याच रानटी रॅटचा वंशज. नॉर्वेशी मात्र याचा काडीचा संबंध नाही. अठराव्या शतकात एका इंग्रजानं नाव ठेवताना घोळ घातला. मूळ गाव चीन-मंगोलियाकडचं.

३० जून, रविवार

माउली आणि तुकोबा दोन्ही पालख्या आज पुण्यात. मामा रजेवर, भवानी पेठेत वारकऱ्यांना जेवण वाढायला. मामांच्या हाताखालचा मुलगा शिवाजीनगरला गर्दीत अडकला, तीनला फोन करून म्हणाला, "मॅडम, एक पाऊल हलत नाही." रविवार म्हणजे पिंजरे बदलायचा दिवस. एकटीनं बेचाळीस पिंजरे. जुना काढा, प्राणी नव्या कणसाच्या भुशावर सोडा, गोळ्या, बाटली, झाकण, दोन्ही बाजूंची क्लिप, कार्ड. कार्ड आधी. मामांची शिकवण: प्राणी हलवायच्या आधी कार्ड हलवायचं.

शेवटचे पिंजरे उरले आणि सात वाजले. टायमरनं दिवे गेले. बारा तास उजेड, बारा तास अंधार. रात्री दिवा लावला तर त्यांचं घड्याळ बिघडतं. म्हणून लावला नाही. दाराबाहेरच्या लाल दिव्याच्या उजेडात चाचपडत संपवलं.

घरी चालत. लक्ष्मी रस्त्यावर अजून टाळ वाजत होते.

१ जुलै, सोमवार

सकाळी दोन झाकणं तिरकी. एक तपकिरी नर कचऱ्याच्या डब्यामागे, शांत. एसएचआरची एक मादी भुशाच्या गोणीवर बसून मिशा पुसत होती. दोघांनाही पाच मिनिटांत पकडून जागेवर. मामा अकराला आले, हातात प्रसादाची पुडी.

त्या मादीची जोडी आजच लावायची होती. भावाला आणून सोडलं. वहीत: सर्व ठीक.

९ जुलै, मंगळवार

घरी माळ्यावर उंदीर झालाय. काळा, लांब शेपटीचा, हा रॅटस रॅटस, आमच्याकडच्यांचा चुलतभाऊ. त्यानं तांदळाची पिशवी कुरतडली आणि स्कूटरची वायर. आई म्हणते, "दिवसभर त्यांची बाळंतपणं करतेस, घरात एक मरत नाही तुझ्याच्यानं." गोंदाचा पुठ्ठा लावू देत नाही मी तिला, चिकटून दोन दिवस जिवंत राहतात. पिंजरा आणलाय. भज्याचा तुकडा अडकवलाय. उद्या कुठे सोडणार, हे आई विचारते त्याला उत्तर नाही.

एसी दुरुस्त झाला. तपकिरी परत त्यांच्या खोलीत.

२२ जुलै, सोमवार

सकाळी पावणेनऊला मामांनी हाक मारली. ते ओरडत नाहीत कधी, आजही ओरडले नाहीत. "मॅडम, हिकडं या जरा."

एसएचआरचं वेत, रात्री झालेलं, नऊ पिल्लं. रॅटचं पिल्लू जन्मतः करंगळीच्या दोन पेरांएवढं, लव नसलेलं, गुलाबी. कातडी इतकी पातळ की पोटात प्यालेल्या दुधाचा पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. नवाच्या नवांच्या पोटात ठिपका होता. आईनं नीट पाजलं होतं. मामांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि बोटानं डोकं जरा वळवलं. पापण्या मिटलेल्या, चिकटलेल्या, त्यांच्याखाली बाजरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. दुसऱ्या बाजूलाही. दुसरं पिल्लू, तसंच. तिसरं.

पांढऱ्या रॅटच्या पिल्लाच्या पापणीखाली काळं काही दिसत नाही. डोळ्यात रंगच नसतो. रंग बनवायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं, त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती पांढऱ्यांत मोडक्या. आई पांढरी, बाप पांढरा. दोघांकडेही धड प्रत नाही, तर पिल्लाला कुठून मिळणार. दोन पांढऱ्यांच्या पोटी काळ्या डोळ्यांचं पिल्लू येत नाही. नऊ तर नाहीच नाही.

मामा काही बोलले नाहीत. पिल्लं परत घरट्यात ठेवली, हातमोज्यांना त्यांच्याच भुशाचा वास चोळून घेतला होता आधी. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. रॅट बावीस दिवसांत वितो, एक इकडेतिकडे. मीही मोजलं. बोटं मोजायची गरज नव्हती खरंतर.

"मामा, त्या रात्री दोन सुटले होते."

"कोणकोण?"

सांगितलं. "वहीत?"

"नाही लिहिलं."

माजावरची मादी एका रात्रीपुरतीच नर घेते. सकाळी मी भावाला आत सोडलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्या सकाळी नुसता स्मिअर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला असता तर शुक्रजंतू दिसले असते. दोन मिनिटांचं काम. सुटलेला प्राणी पैदाशीत परत घ्यायचा नाही, हे आमच्या नियमांच्या पहिल्या पानावर आहे, आणि ते पान मीच टाइप केलेलं.

२३ जुलै, मंगळवार

सरांना सांगितलं. मी आवाज चढायची वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"काळे डोळे होते म्हणून कळलं," ते म्हणाले. "उजवीकडच्या रॅकचा नर असता तर?"

उजवीकडचा म्हणजे विस्टार-क्योतो. पांढरा. पिल्लंही पांढरी, डोळे लाल. कार्डावर एसएचआर. मोठी झाली असती, त्यांच्या जोड्या लागल्या असत्या.

सगळ्या पैदाशीच्या प्राण्यांचा डीएनए तपासायला सांगितलं. एकूण अठ्ठावीस. कानाचा बारीक तुकडा, पंचनं काढतात, ट्रेनची तिकिटं पूर्वी टोचायचे तसला.

रात्री झोप नाही. त्या एका ओळीमुळे: सर्व ठीक.

२५ जुलै, गुरुवार

खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्याला एकता नगरीत घरांत शिरलं. मामा हडपसरहून निघून कसेबसे पोचले, मी पोचूच शकले नाही. फोनवर तापमान विचारत राहिले. २२.५. जनरेटर ठीक.

घरी बसून आनंदवर्धन हर्डीकर आणि चित्तरंजन याज्ञिक यांचा २०१५चा लेख परत वाचला. सेल मेटाबॉलिझममधला, विस्टार रॅटवरचा. काम बरंचसं पुण्यातल्या माणसांचं आणि पुण्यातल्या रॅटचं, म्हणून आम्हाला जरा जास्त आपला वाटतो. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले रॅट. पिल्लं कमी वजनाची, पण पोटात चरबी, इन्सुलिन नीट काम करीना, बी-१२ कमी, होमोसिस्टीन जास्त. मधुमेह घडवणारं रसायन दिलं तर इतरांच्या आठपट सहज बळी पडणारे. आणि नंतर दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं तरी सुधारले नाहीत. जनुकाची अक्षरं तीच. इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या.

माणसाच्या पन्नास पिढ्या म्हणजे, पंचवीसनं गुणलं, साडेबाराशे वर्षं. वेरूळला कैलास कोरत होते तेव्हापासून आजपर्यंत. रॅटमध्ये एका माणसाच्या नोकरीत बसतं. आणि तेवढी वर्षं कुणीतरी रोज पिल्लं मोजून, वजनं करून, जोड्या लिहून ठेवल्या. लेखाच्या वर एकोणीस नावं आहेत. भुसा बदलणाऱ्याचं त्यात कुठे असतं का, हे मला माहीत असायला हवं, नाही का, मी याच धंद्यात आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सरांनी टेबलावर दोन लेखांच्या प्रती ठेवल्या आणि निघून गेले. दोन्ही १९९९ सालचे.

पहिला टिम एटमन आणि सहकाऱ्यांचा. एसएचआरच्या चौथ्या गुणसूत्रावर सीडी३६ नावाचं जनुक बिघडलेलं. पेशीत चरबीची आम्लं घेऊन जाणारं प्रथिन बनत नाही. म्हणून इन्सुलिन नीट चालत नाही. सगळीकडे आनंदीआनंद. दुसरा लेख जपानमधून: मूळ एसएचआरमध्ये हा बिघाड नाहीच. अमेरिकेला एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडे गेलेल्या शाखेत आहे, घरी राहिलेल्यांत नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी, कुणाच्या तरी रॅकवर झालेला. नाव एक, कार्ड एक, प्राणी दोन. पहिला शोध खोटा ठरला नाही, २००१ साली प्रागच्या प्रवेनेक यांच्या गटानं धड जनुक परत घातलं तेव्हा त्या शाखेतल्या प्राण्यांचं इन्सुलिन सुधारलं. पण जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत "आम्ही एसएचआर वापरला" असं लिहिलं की आता पुढचा प्रश्न येतो, कुणाचा?

विस्टार-क्योतोची गत तर आणखी वाईट. त्यांचा वंश पक्का व्हायच्या आधीच पिल्लं गावोगाव वाटली गेली. १९८७ साली लोकांनी मोजून पाहिलं तर वेगवेगळ्या पुरवठादारांचे "नॉर्मल" वेगवेगळे. ज्यांच्याशी तुलना करायची तेच सारखे नाहीत.

पोरगा म्हणाला, आता तर जनुक हवं तसं मोडता येतं, मग जुन्या वंशांचं एवढं काय? खरंय एका अर्थी. माऊसमध्ये १९८९ पासून ठरवून जनुक मोडता येतं, त्याला नोबेल मिळालं. रॅटच्या मूळपेशी २००८ पर्यंत हाती आल्या नव्हत्या आणि पहिला असा रॅट २००९ साली झाला. मधली वीस वर्षं सगळे धाकट्यांकडे पळाले. पण मोडायचं कशात? नवं जनुक मोडलेला रॅटही शेवटी कुठल्यातरी जुन्या वंशाचाच असतो. हे मी त्याला जरा चिडूनच सांगितलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज काळ्या डोळ्यांची पिल्लं एकवीस दिवसांची झाली. आईपासून तोडली. पाच नर, चार माद्या. अंगावर गडद, तुळतुळीत लव. पांढऱ्यांच्या रॅकसमोर नेताना पोरगा म्हणाला, "भारी दिसतायत." दिसतायतच.

गंमत अशी की हाच संकर, एसएचआर आणि ब्राऊन नॉर्वे, प्रागमध्ये प्रवेनेक आणि क्रेन यांनी मुद्दाम केला. नातवंडांपासून पुढे भावाबहिणींच्या जोड्या लावून तीसेक वेगळे वंश उभे केले, प्रत्येकात दोन्ही घराण्यांची वेगळी सरमिसळ. कुठला तुकडा कुणाचा आला की दाब चढतो, हे त्यावरून शोधतात. तिथे त्याला संशोधन म्हणतात, आमच्याकडे त्याचा चूक-अहवाल. फरक तारखेच्या आधी लिहिलं की नंतर, एवढाच.

या नऊ जणांची परवानगी आमच्याकडे नाही. नीतिसमितीकडे जो अर्ज होतो त्यात प्राणी किती, कुठल्या वंशाचे, कशासाठी, सगळं आधी मंजूर लागतं. १९६०चा कायदा आणि १९९८चे नियम. सरांनी समितीला पत्र लिहिलं. दोन माद्या आणि तीन नर पोरांना हाताळणी शिकवायला ठेवायला समितीनं मान्यता दिली. उरलेल्या चौघांना नाही. त्या चौघांचं मी केलं. मामा म्हणाले, मी करतो. म्हटलं नको.

कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडावा लागतो, एकदम नाही. वेळ लागतो. तेवढा वेळ थांबले.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

डीएनएचे निकाल. जेलच्या फोटोत प्रत्येक प्राण्याची एक रांग. खुणेच्या प्रत्येक जागी शुद्ध वंशाला एक पट्टी, मिश्र असेल तर दोन. सत्तावीस रांगा स्वच्छ. मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात अठ्ठाविसावी.

रॅक तीन, पिंजरा चौदा. नर, चौदा महिन्यांचा. दोन पट्ट्या. एक एसएचआरची, दुसरी उजवीकडच्या रॅकची. पुन्हा चालवून बघितलं, दुसऱ्या दोन खुणाही लावल्या. एका ठिकाणी परत दोन.

हा माझ्या रविवारचा नाही. तो मे २०२३चा जन्म, आणि मिसळ त्याच्याही आधीची असणार, आजी-पणजीच्या वेळची. सख्ख्या जोड्या लावत गेलं की दर पिढीत मिश्र जागा कमी होत जातात, त्यामुळे उरलेल्या दोन जागांवरून किती पिढ्या ते नेमकं सांगता येत नाही. दिसायला पांढरा, डोळे लाल. दाब १७१. मार्चमध्ये त्याचीच पिल्लं सरांच्या प्रयोगात गेली.

मामांना दाखवलं. बराच वेळ फोटो बघितला. कार्ड काढून लाल पट्टी लावली, नर वेगळा केला. मग कपाटातून गेल्या सहा वर्षांच्या वह्या काढल्या. २०२२ची वही पाण्याच्या टाकीशेजारी होती, ओल धरलीय, मार्च ते जुलै पानं एकमेकांना चिकटलीत. पंख्याखाली उघडून ठेवलीय. उद्या सकाळी मामा आणि मी चिमट्यानं एकेक सोडवणार.